मागं उलाळ, पुढं हलकं : ट्रेलर ओढणाऱ्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : राम राम. मी अंबडकडचा, मोसंबीची बाग आहे. घरी सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे, लॅडर फ्रेमवाली, ऑटोमॅटिक. मागच्या हिवाळ्यात परराज्यातून एक वापरलेला कॅम्पर ट्रेलर घेतला, आत चौघांची झोपायची सोय, मागच्या टोकाला किचन. रिकामं वजन पाटीवर ११०० किलो लिहिलंय. हिच (ट्रेलर अडकवायचा लोखंडी जोड) आमच्या इथं उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून बंपरमागं वेल्डिंग मारून घेतली, एकदम दणकट झालीय. किचनमध्ये पाण्याच्या ५० लिटरच्या दोन टाक्या, घरचा सिलेंडर, आणि बाहेर मागच्या कॅरिअरवर छोटा जनरेटर. जालन्यातून समृद्धीवर चढलो, माळीवाड्याला उतरून वेरूळला जायचं होतं. ९५ चा स्पीड होता, एका कंटेनरला ओव्हरटेक करताना ट्रेलर शेपटासारखा हलायला लागला, मी ब्रेक मारला तर अजूनच वाढलं, मंडळींनी देवाचा धावा सुरू केला, कसंबसं सावरलं. मेहुणे म्हणायलेत इंजिन रिमॅप करा (कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवा), ताकद कमी पडायलीय, आणि गाडी मागून बसायलीय तर मागच्या सस्पेन्शनला हवेच्या एअर बॅग टाका. खर्चाची तयारी आहे, नेमकं काय करू तेवढं सांगा. दिवाळीत पोरांना घेऊन कन्नडचा घाट उतरून पुढं जायचंय.
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : दादा, आधी मेहुण्यांना चहा पाजा आणि रिमॅपचे पैसे खिशात ठेवा. तुमच्या गाडीला ताकद कमी नाही. ताकद कमी असती तर ट्रेलर चढावर रडला असता, सपाट रस्त्यावर ९५ ला हलला नसता. तुमचं दुखणं वेगळंच आहे आणि त्याला आपल्याकडं फार जुना शब्द आहे, उलाळ.

तुम्ही शेतकरी आहात म्हणजे बैलगाडी भरलेली बघितली असणार. कडबा भरताना सगळा भार चाकाच्या मागं गेला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर काही राहत नाही आणि गाडी इकडं तिकडं झोले खाते. भार फार पुढं घेतला तर जू मानेवर दाबतं आणि बैल शंभर पावलांत दमतात. म्हणून जुनी माणसं गाडी भरून झाली की जू हातानं उचलून बघायची, थोडासा दाब पुढं पाहिजे, जास्त नको. ट्रेलरचं अगदी हेच आहे. फक्त बैलांच्या जागी तुमची एसयूव्ही आहे आणि जुवाच्या जागी बॉल, म्हणजे हिचवरचा तो लोखंडी गोळा ज्यावर ट्रेलरचं पुढचं टोक बसतं.

तुमची यादी परत वाचा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, भरलेला घरचा सिलेंडर तीसेक किलो, जनरेटर तर बाहेर कॅरिअरवर म्हणजे शेवटच्या टोकाला, आणि किचनची भांडीकुंडी, हे सगळं ट्रेलरच्या चाकांच्या मागं. इतकी उलाळ केल्यावर तो हलणार नाही तर काय करणार! कंटेनरचं फक्त निमित्त. मोठी गाडी शेजारी आली की तिच्या पुढची हवा ट्रेलरला बाहेर ढकलते आणि मागची पोकळी आत ओढते, भार नीट असलेला ट्रेलर त्यात एकदा डुलतो आणि सरळ होतो, उलाळलेला ट्रेलर डुलायला लागला की प्रत्येक झोक्याला वाढतच जातो. त्यात तुम्ही ब्रेक मारला. पुढची गाडी हळू झाली, मागचा ट्रेलर तिला तिरका ढकलत राहिला, म्हणून अजून वाढलं. परत कधी असं झालं (होऊ नये) तर ॲक्सिलेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, ट्रेलर उजवीकडं गेला म्हणून आपण डावीकडं असलं काही करत बसायचं नाही, आणि स्पीड आपोआप उतरू द्यायचा. ट्रेलरचे ब्रेक वेगळे हातानं लावायची सोय असेल तर फक्त तेच हळूच लावायचे. स्पीड वाढवून सरळ होतो असं सांगणारे भेटतात, त्यांना गाडीत बसवू नका.

आता पुढं, म्हणजे बॉलवर, दाब किती पाहिजे? अमेरिकेतल्या मोठ्या ट्रेलरवाल्यांचा हिशोब भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्क्यांचा असतो. युरोपात कॅराव्हॅनवाले ५ ते ७ टक्क्यांवरच भागवतात, पण तिकडं स्पीडही बांधलेला आहे, जर्मनीत ट्रेलर लावलेल्या कारला साधारण ८० ची मर्यादा, खास मंजुरी असेल तरच ऑटोबानवर १००. तुमचा ट्रेलर भरून १४५० च्या आसपास जाईल असा माझा अंदाज. १० टक्के धरले तर १४५ किलो, १२ टक्के धरले तर १७४. मात्र हिचच्या आणि बॉलच्या पाटीवर जो जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो तो ओलांडायचा नाही, टक्केवारी काही का सांगेना. तुमच्या हिचला पाटीच नाही, त्यावर येतोच.

मोजायचं कसं? मोंढ्यातला वजनकाटा. हळद-सोयाबीनच्या गाड्या जिथं तोलतात तिथंच जा, सकाळी गर्दी नसताना, आणि काट्यावाल्याला दोन पैसे जास्त देऊन चार-पाच पावत्या फाडायला लावा. प्रवासाला निघताना जसं भरता तसं सगळं भरा, पाणी, डिझेल, माणसं, पोरांच्या सायकली, सगळं. ट्रेलर सोडून नुसती एसयूव्ही काट्यावर घ्या, एक वजन. मग फक्त तिची पुढची चाकं काट्यावर ठेवून दुसरं वजन. आता ट्रेलर जोडा, ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून पूर्ण एसयूव्ही परत तोला, पहिल्यापेक्षा जेवढं वाढलं तेवढा तुमचा दाब. पुन्हा नुसती पुढची चाकं तोला. शेवटी नुसता ट्रेलर सोडून तोला म्हणजे टक्केवारी काढता येईल. बऱ्याच काट्यांवर आकडा ५ किंवा १० किलोच्या टप्प्यानं हलतो, तेवढा फरक पोटात घाला.

पुढच्या चाकांची वजनं का घ्यायला लावली ते सांगतो, कारण एअर बॅगचं उत्तर तिथंच आहे. बॉल मागच्या एक्सलच्या मागं साधारण सव्वा मीटरवर असतो, आणि तुमच्यासारख्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) पावणेतीन मीटरच्या आसपास. बॉलवर १७० किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर १७० येत नाहीत, जवळपास २४५ येतात, आणि पुढच्या चाकांवरचे ७५ कमी होतात. तरफ आहे ती, सी-सॉ. म्हणजे ज्या चाकांनी वळायचंय आणि ज्यांच्यावर ब्रेकचा मोठा भार आहे तीच हलकी, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. एअर बॅग टाकली की गाडी मागून वर येते, फोटोत लेव्हल दिसते, पण पुढून गेलेले ७५ किलो परत येत नाहीत. दिसायला औषध, आतून रोग तसाच. ते वजन पुढं परत ढकलायचं काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिच करते, तिच्यात दोन जाड स्प्रिंग बार असतात, ते ताणून ट्रेलरच्या दांडीला अडकवले की दाबाचा काही हिस्सा पुढच्या एक्सलवर आणि काही ट्रेलरच्या एक्सलवर जातो. ही आपल्या गल्लीतल्या ॲक्सेसरीच्या दुकानात मिळायची वस्तू नाही, शिवाय ट्रेलरची दांडी आणि कप्लर (दांडीच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) तिच्यासाठी बनलेली पाहिजे, सगळ्यांना चालत नाही. त्यामुळं तुमच्यासाठी माझं म्हणणं, दाब १४५-१५० च्या जवळ ठेवा, ट्रेलर जमेल तेवढा हलका करा आणि ८० च्या वर जाऊ नका. वजनकाटा जवळ नसेल त्या दिवशी पुढच्या चाकाच्या वरची मडगार्डची कमान जमिनीपासून टेपनं मोजा, ट्रेलर जोडायच्या आधी आणि नंतर, किती वर गेली ते लगेच कळतं.

भार कमी करायला काय करायचं ते तुम्हाला दिसतंच आहे. पाणी निघताना भरूच नका, वेरूळला काय पाणी मिळत नाही का! घरचा सिलेंडर घरी ठेवा, छोटा ५ किलोचा घ्या, चालत्या गाडीत तो बंद आणि उभा बांधलेला पाहिजे. जनरेटर मागच्या कॅरिअरवरून काढा, कॅरिअरच काढून टाका म्हणजे मोह होणार नाही. जे जड आहे ते ट्रेलरच्या एक्सलवर किंवा किंचित पुढं, खाली, फरशीवर. वरच्या कपाटात फक्त चादरी आणि पोरांचे चिप्स. तो जनरेटर एसयूव्हीच्या डिकीत टाकायचा विचार येईल, पण गाडीचीही एक मर्यादा आहे. दरवाज्याच्या खांबावर किंवा मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त भरलेलं वजन दिलेलं असतं, त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की जे उरतं त्यात माणसं, सामान आणि बॉलवरचा दाब तिन्ही बसवायचे. समजा ६०० किलो उरले, तर चार मोठी माणसं दोन पोरं मिळून ३४०, सामान ६०, दाब १५०, झाले ५५० आणि हातात फक्त ५०. वरून कोणी टपावर कॅरिअर, पुढं लोखंडी गार्ड लावलेलं असेल तर तेही यातच. दाब हे गाडीवरचंच ओझं असतं ही गोष्ट बहुतेक लोक विसरतात, म्हणतात ट्रेलरचं वजन ट्रेलर उचलतो.

आता हिच. दादा, राग मानू नका, पण ती वेल्डिंग कापून काढा. ट्रॉली बनवणारा माणूस त्याच्या कामात पक्का असेल, पण उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर २०-२५ नं चालतो. तुम्ही चौपट स्पीडनं जायलात. बंपर हा धक्का खायला असतो, ओढायला नाही, आणि चेसिसवरही कुठंही वेल्डिंग मारलं की त्या जागेच्या आसपासचं लोखंड तापून कमजोर होतं, दणकट दिसतं आणि एक दिवस काठावरून तडकतं. तुमच्याच मॉडेलसाठी बनलेली, चेसिसच्या दोन्ही बाजूंना हाय टेन्साइल बोल्टनं बसणारी, वजनाचा आकडा कोरलेली हिच घ्या. आणि खाली जे टोचनचं हूक असतं ते फसलेली गाडी ओढायला आहे, ट्रेलरला नाही.

बॉलचं माप कप्लरवर कोरलेलं असतं, तेच बॉलवर पाहिजे. ५० मिलिमीटरचा असतो, दोन इंची असतो, आणि पावणेदोन इंचाच्या जरा वरचाही एक असतो, तो छोटा बॉल दोन इंची कप्लरमध्ये आरामात बसतो आणि खड्ड्यात तितक्याच आरामात बाहेर येतो. जोडून लॉक केल्यावर जॉकी व्हीलनं (दांडीखालचं वर-खाली होणारं छोटं चाक) ट्रेलरची दांडी वर उचलायला बघा, सोबत एसयूव्हीचं बूड वर यायला लागलं म्हणजे लॉक खरं बसलंय. (मग जॉकी व्हील वर घ्यायला विसरू नका. मी एकदा विसरलोय, पाच किलोमीटरमध्ये त्याचं चाक घासून गेलं आणि मागून येणारे रिक्षावाले ओरडायलेत तर मला वाटलं ट्रेलर बघून खूश झालेत.) सेफ्टी चेन दोन लावायच्या आणि दांडीच्या खालून एकमेकींवरून फुलीसारख्या, म्हणजे कप्लर सुटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडते.

ब्रेकबद्दल तुम्ही काही लिहिलंच नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटायलीय. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, तुमचा त्याच्या दुप्पट जातोय. खाली वाकून बघा. दांडीवर रबरी बुटासारखं आवरण आणि खालून रॉड किंवा केबल चाकांपर्यंत गेलेली असेल तर ते ओव्हररन ब्रेक आहेत, गाडी हळू झाली की ट्रेलर पुढं ढकलला जातो आणि त्या ढकलण्यानंच त्याचे ब्रेक लागतात. चाकाच्या मागून दोन वायरी निघत असतील तर इलेक्ट्रिक ब्रेक, मग डॅशबोर्डवर कंट्रोलर बसवावा लागेल, तो ट्रेलर रिकामा-भरलेला बघून ॲडजस्ट करता येतो. दोन्हीत ब्रेकअवे केबल असते, ट्रेलर सुटला तर ती ओढली जाऊन त्याचे ब्रेक लागतात, ती एसयूव्हीच्या पक्क्या जागेला अडकवायची, सेफ्टी चेनला नाही. जुना ट्रेलर आहे, ड्रम खोलून लायनर बघा, बेअरिंगला नवीन ग्रीस भरा, ते किती वर्षं उभं होतं कोणाला ठाऊक. आणि दोन्ही प्रकारचं काहीच नसेल तर ब्रेकवाला एक्सल बसवल्याशिवाय घाटाचं नाव काढू नका. एसयूव्ही आणि ट्रेलर मिळून चार टन होतात, ८० वरून १०० ला गेलात की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, ती सगळी एसयूव्हीच्याच ब्रेकवर आणि तुमच्या उजव्या पायावर.

टायर. साइडवॉलवर डीओटी (DOT) लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१९ लिहिलं असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसो, पाच-सहा वर्षं उन्हात उभा राहिलेला ट्रेलरचा टायर मला नको, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२-४३ चं ऊन आणि खाली समृद्धीचं तापलेलं काँक्रीट. हवा सकाळी थंड टायरात भरा, ट्रेलरच्या टायरात तो टायर सांगतो तेवढी, एसयूव्हीच्या मागच्या टायरात फुल लोडची. दुपारी हवा वाढलेली दिसली म्हणून काढून टाकू नका, थंड झाल्यावर कमी पडेल. पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर थांबून ट्रेलरचे नट परत आवळा आणि प्रत्येक हबजवळ हात नेऊन बघा, एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक.

आणि कन्नडचा औट्रम घाट. उतार सुरू व्हायच्या आधीच ऑटोमॅटिक मॅन्युअल मोडमध्ये घ्या आणि खालचा गिअर धरा, उतारावर स्पीड वाढल्यावर गिअर शोधत बसायचं नाही. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, स्पीड वाढला की एकदा नीट दाबून कमी करायचा आणि सोडून द्यायचा, परत वाढला की परत. ओव्हररन ब्रेक असतील तर पूर्ण उतारभर ट्रेलर ढकलत असतो आणि त्याचे ब्रेक तापत राहतात, म्हणून खालचा गिअर ठेवूनही मध्ये जागा बघून थांबा. मागं गाड्यांची रांग लागली तर लागू द्या, हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. दिवाळीच्या आधी एक रिकामी फेरी वेरूळपर्यंत आणि एक भरलेली फेरी मारा, मग पोरांना बसवा. एसयूव्हीत बसवा हं, चालत्या ट्रेलरमध्ये कोणीच नाही, झोपलेलं पोरगंसुद्धा नाही.

प्रश्न : ट्रेलरला इंजिन नाही मग पासिंग कशाला लागतं? आमच्या इथला फॅब्रिकेटर म्हणतो गाडीचाच नंबर मागं लिहा, चालतं.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही चालत. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे तिच्यातच ट्रेलर धरलेला आहे, इंजिन असो नसो. म्हणजे त्याची स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर आणि विमा. बनवून घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, बनवल्यावर नाही, नाहीतर तो शेवटी शेतात उभा राहतो आणि त्यात कोंबड्या राहतात. असा एक मी बघितलाय, आतून फार सुंदर आहे, कोंबड्याही सुखात आहेत. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पण म्हणून घरगुती वेल्डिंगच्या ट्रेलरला सूट मिळते असं समजू नका. आणि विमा कंपनीला हिच लावल्याचं लेखी कळवा.

प्रश्न : माझ्याकडं छोटी पेट्रोल एसयूव्ही आहे, १.२ टर्बो. ८०० किलोचा ट्रेलर ओढेल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ओढेल. थांबवणार नाही. मॅन्युअलमधलं टोइंगचं पान उघडा, आकडा दिला असेल तर तोच शेवटचा शब्द, आकडाच दिला नसेल तर कंपनीनं ती गाडी या कामाला बनवलेली नाही असं समजा. छताचा तंबू घ्या भाऊ, स्वस्तात पडेल, त्याच्या वजनासाठी फक्त छताची मर्यादा तेवढी बघा.

प्रश्न : ट्रेलर आम्ही दोघं चालवतो, पण रिव्हर्सला माझं डोकंच चालत नाही. हे बाहेर उभं राहून हात हलवतात, मी आत वैतागते, तुळजापूरला पार्किंगमध्ये अर्धं गाव जमलं होतं. शिवाय गावातल्या एकानं मागच्या लाइटच्या वायरी कापून ट्रेलरला जोडल्यात, तेव्हापासून डॅशबोर्डवर लाइटची खूण पेटलेली राहते.
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, वायरीचं आधी उरकू. नव्या गाड्यांमध्ये लाइटचा करंट कॉम्प्युटर बघत असतो, वायर कापून जास्तीचे बल्ब जोडले की त्याला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि कधी खरंच बिघडतं. ट्रेलरसाठी वेगळं बायपास मॉड्यूल मिळतं, ते बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज घालून करंट घेतं आणि गाडीच्या लाइटकडून फक्त इशारा. ते बसवून घ्या, कापलेल्या वायरी नीट जोडून घ्या.

रिव्हर्सला एकच युक्ती. हात स्टिअरिंगच्या वर ठेवू नका, खाली ठेवा, घड्याळात सहा वाजतात तिथं. आता ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला हात न्या, बस. उलटंसुलटं डोक्यात करायची गरज नाही. हात थोडाच हलवायचा, लगेच सरळ करायचा, आणि गाडी मुंगीच्या चालीनं. ट्रेलर काटकोनात दुमडायला लागला की हट्ट करायचा नाही, पुढं घ्यायची, सरळ करायची, परत सुरू. शक्य असेल तर ड्रायव्हरच्या बाजूनं, म्हणजे उजवीकडं वळवत मागं घ्या, मान बाहेर काढली की ट्रेलर दिसत राहतो.

सराव तुळजापुरात करू नका, रविवारी मोंढ्याच्या मोकळ्या पटांगणात करा, विटा मांडून. आणि साहेबांना सांगा, जिथून तुम्हाला आरशात ते दिसतात तिथंच उभं राहायचं, दिसले नाहीत की तुम्ही गाडी थांबवणार. दोघांत चारच खुणा ठरवा, ये, थांब, डावीकडं, उजवीकडं. ते एकदम दोन्ही हात हलवायलेत तर गाडी बंद करा, किल्ली काढून त्यांच्या हातात द्या आणि बाहेर तुम्ही उभ्या राहा.